तीनशे शिखरं आणि त्यांच्या पायाशी असलेला चिखल

दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकला भाच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा शाळेतल्या सगळ्यांनी आपापल्या याद्या दिल्या. कुणाला पर्स, कुणाला मसाज बाम, कुणाला पोरासाठी बूट. माझ्या स्वतःच्या यादीत एकच नाव होतं, खाओ साम रोई योत, म्हणजे तीनशे शिखरांचा डोंगर. बँकॉकच्या दक्षिणेला, थायलंडच्या आखाताच्या कडेनं खाली गेलं की प्राचुआप खिरी खान प्रांतात हे राष्ट्रीय उद्यान लागतं. १९६६ साली जाहीर झालं आणि थायलंडमधलं समुद्रकाठचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. क्षेत्रफळ साधारण ९८ चौरस किलोमीटर. आपलं राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्याच्या एक तृतीयांशही नाही. पण तेवढ्या जागेत चुनखडीचे उभे डोंगर, गुहा, समुद्र, खाडी, कांदळवन आणि गोड्या पाण्याची भलीमोठी दलदल, सगळं एकाला एक लागून आहे.

मी भूगोल शिकवते. ‘भूजलाचे कार्य’ हा पाठ इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवला, पण चुनखडीची खरी गुहा पाहिलेली नव्हती. कोल्हापूरच्या पोरांना ती दाखवायची तरी कुठं? आपल्याकडं दगड म्हणजे बेसॉल्ट, काळा कातळ. पन्हाळ्याच्या माथ्यावर गेलात तर जांभा. आपल्या गुहा माणसानं कोरलेल्या. जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी घ्या, तिथं छिन्नीचे घाव अजून दिसतात. पावसाच्या पाण्यानं दगड विरघळवून आतून पोकळ केला, हे पोरांना सांगितलं की ती मान डोलवतात, पण त्यांच्या डोळ्यांत काही उमटत नाही. त्यामुळं मला ते बघायचंच होतं.

बँकॉकहून रेल्वेनं प्राणबुरीला उतरून पुढं गाडी केली. वाटेत भाच्यानं सांगितलं, “आत्या, छत्र्या घ्या बरं का. इथला पाऊस आता सुरू होतो.” ह्यांना ते पटेना. दिवाळीत कसला पाऊस? पण भाच्याचं बरोबर होतं, आणि त्यामागचं कारण कोल्हापूरच्या माणसाला चटकन कळण्यासारखं आहे. गगनबावड्यात पावसाळ्यात धो धो कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळकडं ढग नुसते वरून जातात. सह्याद्रीनं आधीच सगळं काढून घेतलेलं असतं. प्राचुआपलाही तसंच होतं. पश्चिमेला म्यानमारच्या सरहद्दीवर तेनासरीमची डोंगररांग उभी आहे. ह्या प्रांतात थायलंड इतका चिंचोळा होतो, की एका ठिकाणी सरहद्द ते समुद्र हे अंतर जेमतेम १२ किलोमीटर भरतं. नैर्ऋत्य मोसमी वारे डोंगरापलीकडंच पाऊस पाडून मोकळे होतात आणि अलीकडं कोरडे उतरतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा फिरतो, ईशान्येकडून आखातावरून वाफ घेऊन येतो आणि इथला खरा पाऊस तेव्हा पडतो. नकाशावर बाण काढून हे मी शिकवलंय. बांग पू गावाच्या किनाऱ्यावर उभं राहून तोच वारा तोंडावर घेतला, समोर लाटा उसळताना पाहिल्या, तेव्हा त्या बाणाचा जोर कळला.

त्या लाटांमुळंच नावा बंद होत्या. एरवी गुहेकडं जायला बांग पूहून नाव डोंगराच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या लाएम साला किनाऱ्यावर सोडते. नाव नसेल तर मधला डोंगर पायी ओलांडायचा. ह्यांनी पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालत केलेली आहे, त्यामुळं हे पुढं आणि आम्ही मागं. चुनखडीच्या कडा धारदार असतात, सहज हात टेकला तरी बोचतं. पण पायाखालचे दगड माणसांच्या येण्याजाण्यानं घासून गुळगुळीत झालेले, त्यामुळं हात कुठं ठेवू आणि पाय कुठं ठेवू असं होतं. लाएम सालाच्या सुरूच्या झाडांखाली पाणी पिऊन मग गुहेची चढण. अंतर ४३० मीटरच आहे, पण सगळं अंगावर येणारं.

फ्राया नाखोन गुहा वरून आत उतरणारी आहे. तोंडाशी आलो की एकदम खाली मोठा खड्डा दिसतो आणि त्यात झाडं. गुहेत झाडं! छत कोसळलंय, त्या भगदाडातून ऊन-पाऊस आत येतो आणि तळाशी साचलेल्या मातीत उंच, सरळ खोडांची झाडं वाढलीत. छताचा जो भाग कोसळायचा राहिला, तो दगडी कमान होऊन वर टिकून आहे. तिला तिथं मरणाचा पूल म्हणतात, वरून चालणारी जनावरं तिथून खाली पडून मरायची म्हणून. पाठ्यपुस्तकात आपण ‘विलयन विवर’ शिकवतो आणि पोरं परीक्षेत एका गुणासाठी लिहितात, ते आतून असं दिसतं.

मी एका लटकत्या लवणस्तंभासमोर बराच वेळ उभी राहिले. हाताच्या उंचीवर होता. उजेडाच्या बाजूला त्याच्यावर हिरवं शेवाळ, मागची बाजू कोरडी आणि पांढुरकी. टोकाला एक थेंब. तो थेंब लगेच पडत नाही. फुगतो, लांबट होतो, थरथरतो आणि तसाच राहतो. घड्याळ बघितलं तर एक पडून दुसरा पडायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत होतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं, चुनखडी विरघळवत खाली येतं. इथं टोकाशी थांबलं की तो वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेल्या चुन्याचा अतिशय पातळ थर मागं राहतो. थेंब थांबतो म्हणून दगड वाढतो. हे वाक्य मी आता वर्गात वेगळ्या आवाजात म्हणते.

बहुतेक लोक ह्या गुहेत येतात ते आतल्या मंडपासाठी. १८९० साली राजा चुलालोंगकोर्न येणार म्हणून तो बांधला. सुटे भाग बँकॉकमध्ये तयार करून इथं आणले आणि जागेवर जोडले. चार बाजूंना चार दारांवरची टोकदार छपरं, आणि सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास वरच्या भगदाडातून उन्हाचा झोत नेमका त्याच्यावर येतो. प्रांताच्या बोधचिन्हावरही हाच मंडप आहे. आम्ही वेळेत पोचलो होतो, ऊन आलं, सगळ्यांनी फोटो काढले. सुंदर आहेच. भिंतीवर त्या राजाची आणि पुढं आलेल्या राजा प्रजाधिपोकची आद्याक्षरंही आहेत.

पण मला त्या मंडपापेक्षा चुलालोंगकोर्नच्या वडिलांची गोष्ट जास्त सांगायची आहे, कारण ती आपल्या भागातून जाते.

१८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडं हिंदुस्थान ओलांडून गेली. ह्याच ग्रहणात हेलियमचा पहिला सुगावा लागला, त्या आठवणीत आपल्याकडं विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा करतात. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. कोल्हापूरहून जमखंडी कितीसं लांब? तीच सावली पुढं बंगालचा उपसागर पार करून प्राचुआपच्या किनाऱ्यावर, आताच्या उद्यानाच्या दक्षिणेला असलेल्या वाको गावी गेली. तिथं सयामचा, म्हणजे तेव्हाच्या थायलंडचा, राजा मोंगकुट तिची वाट बघत थांबला होता. ग्रहण कुठं आणि कधी दिसेल, ह्याचं गणित त्यानं स्वतः केलं होतं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांना आणि सिंगापूरहून ब्रिटिश गव्हर्नर हॅरी ऑर्ड ह्यांना आमंत्रण दिलं होतं. किनाऱ्यावर जंगल साफ करून तळ उभारला होता. ग्रहण त्याच्या गणिताप्रमाणं लागलं, सगळ्यांनी पाहिलं. पण त्या तळावर राजाला मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबर १८६८ ला तो गेला. बरोबर आलेला चौदा वर्षांचा मुलगाही तापानं फणफणला होता. तो वाचला आणि गादीवर बसला. तोच चुलालोंगकोर्न. पुढं १८७२ मध्ये तो हिंदुस्थानात आला, मुंबईही पाहून गेला. ज्या किनाऱ्यानं वडील नेले, त्याच किनाऱ्यावरच्या ह्या गुहेत १८९० साली तो आला, हे मंडपासमोर उभं राहून आठवलं आणि मी ह्यांना आणि भाच्याला तिथंच बसवून सगळं सांगितलं. शेजारी बसलेली एक थाय बाई भाच्याला विचारून विचारून सगळं समजून घेत होती. जमखंडी हे नाव तिनं माझ्याकडून लिहून घेतलं.

ही गोष्ट इथं लिहिण्याचं अजून एक कारण आहे. दलदल, खाडी, चिखल म्हणजे ताप, डास आणि मरण, ही समजूत उगाच झालेली नाही. तिथल्या तापानं राजासुद्धा गेला. त्यामुळं दलदल भरून काढणं, सुकवणं, तिथून काहीतरी पैसे निघतील असं करणं, ह्यात आपण चांगलंच काम करतोय, असं पुढच्या पिढ्यांना वाटलं. आपल्याकडच्या कागदोपत्रीही अशी जमीन पडीक किंवा निरुपयोगी म्हणूनच लिहिली जायची. त्या समजुतीचा परिणाम काय झाला, ते ह्या उद्यानात डोळ्यांनी दिसतं.

डोंगराच्या पश्चिमेला, समुद्राच्या उलट्या बाजूला, थुंग साम रोई योत ही गोड्या पाण्याची दलदल आहे. थायलंडमधली ह्या प्रकारची सगळ्यांत मोठी. काही हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच होती, तेव्हा इथं उपसागर होता आणि हे डोंगर पाण्यातून वर आलेले होते. २००८ मध्ये ह्या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असा मान, मिळाला. आपल्या महाराष्ट्रात नांदूरमधमेश्वरला तो मिळाल्याचं २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं, राज्यातला पहिला. लाकडी पुलावरून चालत आत जाता येतं, आणि बांबूनं ढकलायच्या होड्याही आहेत. कमळांच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या, जांभळा बगळा. कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्याला ह्यातले निम्मे ओळखीचे वाटतील. ह्याच दलदलीत आणि तिच्या काठच्या तळ्यांमध्ये मासे पकडून खाणारं रानमांजर राहतं, फिशिंग कॅट. ते आपल्याकडं सुंदरबन, चिलिका, कोरिंगा अशा पूर्वेकडच्या पाणथळींत आहे. थायलंडमधल्या संशोधकांनी इथं त्यांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग काढला. रात्रीचा प्राणी, आम्हाला दिसणार नव्हताच. पण त्याच्या वाटा कोळंबीच्या तळ्यांच्या बांधांवरून जातात, लोकांच्या कोंबड्यांवर त्याची नजर असते आणि मग लोकांची त्याच्यावर.

वानरांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती पटकन दिसतात आणि सगळ्यांना आवडतात. उद्यानाच्या कार्यालयाच्या आसपास झाडांवर काळसर राखाडी अंगाची, डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली वानरं असतात. आपल्या जोतिबाच्या वानरांपेक्षा लहान, आणि शांत. पिल्लू चक्क केशरी. आईच्या काळ्या पोटावर ते केशरी पिल्लू चिकटलेलं दिसलं की फांदीवर दिवा लागल्यासारखं वाटतं. त्याउलट लांब शेपटीची माकडं खाली असतात आणि पिशवीवर झडप घालतात. भाच्याची चिप्सची पिशवी गेली.

आता खाडी.

खाओ डाएंग गावातल्या देवळाजवळून नाव मिळते. ओहोटी लागलेली असताना निघायचं, हे नावाड्यानंच सांगितलं. भरतीला नुसतं पाणी आणि झाडांचे शेंडे दिसतात. पाणी उतरलं की खालचं सगळं उघडं पडतं. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, त्यांच्या पायाला लाटांनी कोरलेली आडवी खाच, आणि मध्ये चिखलात कांदळ आणि तिवरं. कांदळाची मुळं खोडातून कमानी करून खाली येतात. तिवराची मुळं उलटी, चिखलातून वर येतात, शेकडो, बोटाएवढी. खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून ती मुळं वर येऊन हवा घेतात. त्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. नाकाला रुमाल लावणारे नावेत होतेच. मला तो वास खाडी जिवंत असल्याचाच वाटतो.

नाव काठाला लावून नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि चिखलाकडं बोट केलं. निवटी. कोकणात ज्यांचं माहेर आहे त्यांनी त्या खाल्ल्याही असतील. बोटभर लांबीचा मासा, चिखलाच्याच रंगाचा, डोळे डोक्याच्या वर आलेले. छातीच्या परांवर अंग रेटत तो चिखलावरून सरकत होता, थांबत होता, मग एका झटक्यात उडी. मध्येच एक डोळा खाली खोबणीत ओढून ओला करून पुन्हा वर काढायचा. श्वास घ्यायला पाण्यात जायची त्याला घाई नाही, ओल्या कातडीतून हवा मिळते आणि कल्ल्यांत पाणी धरून ठेवलेलं असतं. दुसरा निवटा जवळ आला तसा पहिल्यानं पाठीवरचा पर ताठ उभा केला. निळसर ठिपके चमकले. दोघं समोरासमोर तोंडं उघडून उभे, हातभर चिखलाच्या मालकीसाठी. बाजूला एक पंजा मोठा असलेले खेकडे तो पंजा हलवत होते. एक माकड खाली येऊन बिळात हात घालून खेकडा काढून गेलं. तेवढ्या वेळात नावेतलं कुणी बोललं नाही. ह्यांनी फोन खिशात ठेवला होता.

पुढं खाडी वळली आणि कांदळवन विरळ झालं. झाडांच्या एका पातळ पट्ट्यामागं मातीचे बांध दिसायला लागले. बांधांमागं चौकोनी तळी. काहींत पाण्यात हवा घालणारी चक्रं फिरत होती. बरीच कोरडी पडलेली, तडे गेलेली, कडेला पांढरं मीठ. ही कोळंबीची तळी.

१९८० नंतर थायलंडच्या किनाऱ्यावर कोळंबी-शेतीची लाट आली. टायगर कोळंबीला जपान-अमेरिकेत भाव होता. ह्या भागातही दलदलीच्या आणि कांदळवनाच्या जमिनी खणून तळी झाली, राष्ट्रीय उद्यान असूनसुद्धा. नावाडी भाच्याला सांगत होता आणि भाचा आम्हाला: त्याच्या वडिलांनी तळं घेतलं, पहिली काही पिकं जोरात आली, घर झालं, पिकअप गाडी आली. मग एका हंगामात कोळंबी काठाला येऊन मरायला लागली. औषधं घातली, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. गाडी गेली, कर्ज राहिलं. शेवटी वडील पुन्हा मासेमारीला लागले आणि मुलगा नाव चालवतो.

रोग आला हे खरं, पण तो का आला आणि जमीन का हरली, ते समजून घेण्यासारखं आहे. तळ्यात कोळंबी दाटीनं असते. न खाल्लेलं खाद्य आणि तिची घाण तळाशी कुजते. भरती-ओहोटीनं जे रोज धुऊन निघालं असतं, ते बांधामुळं आतच राहतं. एका तळ्यातलं पाणी खाडीत सोडलं की तेच शेजारचा पंपानं उचलतो, रोगासकट. दुसरी गोष्ट मातीतली. कांदळवनाच्या चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग, पायराइट, साठलेलं असतं. पाण्याखाली, हवेशिवाय असतं तोवर ते निरुपद्रवी. तोच चिखल खणून बांधावर टाकला, उन्हात वाळला, की हवेशी संयोग होऊन त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. पहिल्या पावसात ते तळ्यात उतरतं. मग चुना टाका, पुन्हा चुना टाका. चुनखडीच्या डोंगरांच्या पायाशी बसून लोक पोत्यानं चुना विकत घेत होते. आणि तळं सोडून दिल्यावर तिथं ना कोळंबी, ना भात, ना कांदळ. बांध तसाच असल्यामुळं भरतीचं पाणीच आत येत नाही. बी वाहून येईल तरी कसं?

म्हणूनच परतताना प्राणबुरी नदीच्या मुखाशी असलेलं सिरिनाथ राजिनी कांदळवन केंद्र बघितलं, ह्याचं मला फार समाधान आहे. हे उद्यानाच्या बाहेर, उत्तरेला आहे. ही सगळी जागा म्हणजे सोडून दिलेली कोळंबीची तळी. तिथं पुन्हा कांदळवन लावलंय. आता लाकडी पुलावरून झाडांच्या सावलीतून चालता येतं, मनोऱ्यावर चढून वरून बघता येतं. लावलेलं वन ओळखू येतं. कांदळ एका ओळीत, एका वयाचे, एका उंचीचे. नैसर्गिक वनात खाडीच्या तोंडाशी एक जात, मागं दुसरी, उंच जागी तिसरी असं असतं, तसं इथं अजून नाही. पण खाली चिखलात खेकड्यांची बिळं होती आणि तिवराची रोपं मात्र वेड्यावाकड्या जागी, कुणी न लावता उगवलेली दिसली. भरतीला वाट मिळाली, तेवढं काम माणसाचं. पुढचं तिनं सुरू केलंय.

ह्या सगळ्याचा कोल्हापूरशी काय संबंध, असं ताईनं फोनवर विचारलं. संबंध आपल्या ताटातच आहे. कोल्हापूरला समुद्र नाही, पण मालवण-रत्नागिरीची गाडी आल्याशिवाय आपला बाजार भरत नाही. परत आल्यावर मी आमच्या मासेवाल्या मावशींना विचारलं, ही कोळंबी खाडीची की तळ्यातली? त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. “ही व्हेनामी हाय वैनी, तळ्याची, आंध्राकडनं येती बर्फातनं. खाडीची ती बारकी, ती सकाळच्याला संपती.” भारतात ही व्हेनामी, मूळची परदेशी कोळंबीची जात, २००९ पासून आली आणि सगळ्या बाजारावर पसरली. खाऊ नका असं मी म्हणत नाही. पण कुठून आली हे विचारा. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं की विकणाराही पुढं विचारतो.

आणि दुसरा संबंध रस्त्याचा. आपण शनिवार-रविवार लागला की गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून कोकणात जातो. देवगड, मालवण, वेंगुर्ला. मासे खातो, समुद्रात पाय बुडवतो, परततो. वाटेतल्या प्रत्येक पुलाखाली खाडी असते आणि खाडीच्या दोन्ही कडेला तिवर, चिपी, कांदळ उभे असतात. गाडीची काच खाली करून तिकडं बघणारे किती? मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षं कांदळवनांचा खटला चालला आणि २०१८ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकारावरचा घाला आहे. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतोय. कायदा आहे, कक्ष आहे. पण भराव टाकणारा डंपर रात्री येतो, आणि त्या वेळी तिथं कुणी ओळखीचं, ती जागा आपली मानणारं माणूस असावं लागतं. खाओ डाएंगच्या नावाड्याला आता कांदळवन उभं राहण्यात पोट दिसतं, त्यामुळं तो राखणदार झालाय. सरकारी फलक जे करू शकत नाही ते त्याची नाव करते.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका हेच करतात. स्वतः वल्हं मारत कांदळवनातून फेरी घडवतात, कुठलं झाड कुठलं ते सांगतात. मला त्यांचं फार कौतुक आहे. थायलंडला जायचं जमेल तेव्हा जमेल, तिथं गेलात तर फेब्रुवारीच्या आसपास जा. समुद्र शांत असतो, नावा चालू असतात आणि हिवाळी पक्षीही असतात. गुहेत दहाच्या आत पोचा आणि खाडीला दिवसाचा दुसरा भाग राखून ठेवा. पण वेंगुर्ला कोल्हापूरहून एका दिवसात होतं. आमच्या नववीच्या सहलीचा प्रस्ताव मी दिलाय: सकाळी मांडवी खाडी, दुपारी जेवण, मग समुद्र. मुख्याध्यापकांनी एकच शंका काढली, पोरी चिखलाला नाक मुरडतील. त्यांना म्हटलं, सर, ओहोटीची वेळ बघून तारीख ठरवू या, एकदा निवटी दिसू देत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून ठेवलंय, जानेवारीतल्या तारखा लाल पेनानं खुणावल्यात, आणि पालकांच्या संमतीपत्रात जुने कपडे आणि पायात घट्ट बसणाऱ्या चपला आणाव्यात असं स्वतंत्र लिहिलंय.